जुन्या फोर बाय फोर गाड्यांचे लॉकिंग हब: हाताने फिरवायचे की स्वयंचलित?

चिखलात फसलेली जुनी फोर बाय फोर गाडी ओढून काढण्यासाठी ट्रॅक्टर बोलावला जातो, तेव्हा पुष्कळदा त्या गाडीची पुढची चाके इंजिनाच्या जोरावर फिरतच नसतात. चालकाने गिअरपेटीशेजारची छोटी दांडी ओढलेली असते, डॅशबोर्डवरचा दिवाही लागलेला असतो, आणि तरीही सगळा जोर मागच्या दोन चाकांवरच खर्च होत राहतो. याचे कारण बहुतेक वेळा इंजिनात किंवा ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलांत वाटणाऱ्या पेटीत) नसून पुढच्या चाकांच्या मध्यभागी असलेल्या, तळहाताएवढ्या लॉकिंग हबमध्ये असते. आपल्या मराठवाड्यात जुन्या जीप, जिप्सी आणि पिकअप शेतीच्या कामासाठी अजूनही जपल्या जातात. या गाड्यांवर हाताने फिरवायचे हब ठेवावेत की स्वयंचलित, आणि जे आहेत ते बिनचूक कसे वापरावेत व तपासावेत, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

हब नेमके काय करतो

जुन्या गाडीत पुढच्या ॲक्सलची दांडी एका पोकळ स्पिंडलमधून बाहेर येते. चाक ज्यावर बसवलेले असते तो भाग त्या स्पिंडलवर, दोन बेअरिंगांच्या आधाराने, स्वतंत्रपणे फिरतो. म्हणजे दांडी आणि चाक एकाच रेषेत असूनही त्यांचा परस्परांशी थेट संबंध नसतो, आणि तो जोडणे किंवा तोडणे एवढेच लॉकिंग हबचे काम असते. हबच्या आत दातेरी कडे असते. ते सरकून दांडीच्या खाचांत आणि चाकाच्या बाजूच्या खाचांत एकाच वेळी बसले, की दांडी फिरताच चाक फिरते. कडे मागे ओढले गेले, की चाक मोकळे फिरते आणि दांडी, डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांत जोर वाटणारे गिअर) व पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत जोर नेणारा लांब दांडा) जागच्या जागी स्थिर राहतात.

हे मोकळे करण्याची गरज का पडली, हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या जीप सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि रोज डांबरी रस्त्यावर धावू लागल्या. पुढची चाके पुढच्या ॲक्सलचा सगळा लवाजमा विनाकारण फिरवत राहायची, त्यामुळे आवाज, झीज आणि जडपणा वाढायचा. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये याच अडचणीवर लॉकिंग हब बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. मोकळ्या हबमुळे इंधनात थोडी बचत होते हे खरे, पण खरा लाभ जुने सांधे, सील आणि डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन गिअर यांचे आयुष्य वाढण्यात आहे. केवळ डिझेल वाचेल या आशेने कोणी हब बसवत असेल, तर त्याची निराशा होईल.

पुढच्या चाकांच्या बाबतीत जुन्या गाड्यांत तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात हब नसतोच, फक्त पक्का फ्लँज, म्हणजे बोल्टने बसवलेली धातूची चकती, असतो. पुष्कळ जुन्या जीपना हाच असतो आणि तो दांडीला चाकाशी कायमचा जोडून ठेवतो. दुसऱ्या प्रकारात हबच्या तोंडावर 'फ्री' आणि 'लॉक' अशा दोन खुणा असलेली चकती असते, जी गाडीतून उतरून हाताने फिरवावी लागते. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या मारुती जिप्सीच्या मालकांना हा प्रकार चांगला परिचित आहे. तिसरा प्रकार स्वयंचलित हबचा, ज्यात चालक जागेवर बसून फोर-व्हील निवडतो आणि हब आपोआप जोडला जातो. यांखेरीज काही गाड्यांत चाकाजवळ हब न ठेवता ॲक्सलच्याच एका बाजूची दांडी तोडण्या-जोडण्याची सोय असते. आपल्या गाडीत नक्की काय आहे हे चाकाच्या मध्यभागी पाहून आणि गाडीसोबत आलेले पुस्तक वाचून आधी ठरवावे, कारण तिन्हींची वापरण्याची रीत वेगळी आहे.

एक हब लॉक, एक फ्री

पुढचा प्रत्येक मुद्दा ज्यावर उभा आहे अशी गोष्ट येथेच स्पष्ट करणे आवश्यक वाटते. साधे डिफरन्शियल जोर नेहमी त्या बाजूला सोडते जिकडे अडथळा कमी असतो. एका चाकाचा हब लॉक आणि दुसऱ्याचा फ्री राहिला, तर फ्री बाजूची दांडी हबच्या आत मोकळी गरगरत राहते, तिला अडवणारे काहीच नसते, आणि म्हणून लॉक असलेल्या बाजूलाही जोर मिळत नाही. एक हब लॉक आहे म्हणजे निम्मा जोर मिळेल, ही समजूत चुकीची आहे. पुढून मिळणारा जोर जवळजवळ शून्य असतो. हाताच्या हबमध्ये घाईत एकच बाजू फिरवली जाते, आणि स्वयंचलित हबमध्ये एका बाजूचा सील गळतो. दोन्हींचा परिणाम सारखाच होतो.

मला हे शिकायला गेवराई तालुक्यात गोदावरीकाठच्या एका उसाच्या फडात तीन तास घालवावे लागले. डिसेंबरमधली पहाट होती, आदल्या दिवशी शेजारच्या रानाला पाणी दिलेले होते, आणि जीपमध्ये तुषार संचाचे पाइप भरलेले होते. दोन्ही चकत्या मी स्वतः 'लॉक'वर फिरवल्या होत्या, तरीही पुढची चाके नांगराच्या फाळासारखी माती ढकलत उभी राहिली. नंतर हब उघडल्यावर दिसले, की काही आठवड्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करताना उजव्या हबच्या आत बेअरिंगचे जाड ग्रीस काठोकाठ भरले गेले होते. थंडीने ते आणखी घट्ट झाले आणि आतली स्प्रिंग दातेरी कड्याला पुढे ढकलू शकली नाही. बाहेरची खूण 'लॉक' सांगत होती, आतले कडे मात्र जागचे हलले नव्हते. त्या दिवसापासून चकतीवरच्या खुणेपेक्षा प्रत्यक्ष तपासणीवर विश्वास ठेवायचा, असे मी ठरवले.

काळ्या रानाची वेगळी मागणी

हबची चर्चा बहुधा बर्फ, वाळू किंवा खडकाळ डोंगर यांच्या संदर्भात केली जाते, आपल्या जमिनीची मागणी मात्र निराळी आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस पडताच तीच माती फुगून लोण्यासारखी निसरडी व डिंकासारखी चिकट होते. टायरच्या नक्षीतील खाचा पहिल्या दहा-वीस फुटांतच भरून जातात, त्यानंतर टायर गुळगुळीत रूळ बनतो आणि मागची चाके जागेवर फिरत खाली उतरतात, ती डिफरन्शियलचा गोळा जमिनीला टेकेपर्यंत. अशा जमिनीत फसल्यानंतर फोर-व्हील लावण्याचा उपयोग फारसा होत नाही. चारही चाके सुरुवातीपासून हळू फिरत राहिली, तरच गाडी पुढे सरकत राहते.

म्हणूनच मराठवाड्यात हबच्या निवडीचा खरा निकष सोय हा नसून वेळ हा आहे. जोर चाकापर्यंत चिखलात शिरण्याआधी पोहोचला पाहिजे आणि पोहोचल्याची खात्री चालकाला झाली पाहिजे. वापसा आलेला नसताना शेतात गाडी नेऊच नये हा आपला जुना नियम उत्तमच आहे, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची रास उघड्यावर असते आणि वरून ढग भरून येतात, तेव्हा वापशाची वाट पाहण्याची मुभा कोणाला असते?

हाताने फिरवायचे हब: वापरण्याची पद्धत

डांबरी रस्ता संपून शिवरस्ता सुरू होतो तेथे, मुरमावर किंवा इतर टणक जागी, गाडी सपाटीवर आणि चाके सरळ ठेवून उभी करावी. उताराची जागा टाळावी. इंजिन बंद करून हातब्रेक लावावा आणि मगच खाली उतरावे. दोन्ही बाजूंच्या चकत्या 'लॉक'च्या खुणेपर्यंत पूर्ण फिरवाव्यात. खूण अर्धवट राहिली तर दातेरी कड्याची टोकेच एकमेकांना लागतात आणि जोर पडताच ती झिजतात किंवा तुटतात. चकती अर्ध्यावर अडली तर हातोडी, पकड किंवा पाना यांचा वापर अजिबात करू नये. खाचा समोरासमोर आलेल्या नाहीत एवढाच त्याचा अर्थ असतो. अशा वेळी गाडी अर्धा फूट पुढे किंवा मागे सरकवावी आणि पुन्हा हातानेच प्रयत्न करावा. ज्या हबची चकती पकडीशिवाय फिरत नाही, त्याला बळाची नाही, साफसफाईची गरज आहे.

दोन्ही हब लॉक झाल्यावर गाडी उभी असतानाच ट्रान्सफर केसची दांडी २एच (फक्त मागची दोन चाके) वरून ४एच (चारही चाके, नेहमीचा वेग) वर घ्यावी आणि मोकळ्या मुरमावर किंवा मातीवर काही मीटर चालवून पाहावी. स्टिअरिंग पूर्ण वळवून पायी चालण्याच्या वेगाने गाडी नेली, की पुढची चाके किंचित घासत असल्याचे आणि गाडी कोणीतरी मागे धरून ठेवल्यासारखी अडखळत असल्याचे हाताला जाणवते. ही जाणीव म्हणजेच हब जोडले गेल्याची रस्त्यावरची सर्वात सोपी खूण होय. ती आली नाही, तर चिखलात शिरू नये. ही चाचणी डांबरावर किंवा सिमेंटवर मात्र करू नये. जुन्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारे काहीच नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि कोरड्या टणक रस्त्यावर त्या फरकाचा पीळ शाफ्ट, सांधे व गिअरांवर चढत जातो.

चिखल खोल असेल किंवा ओझे जड असेल तर शिरण्यापूर्वीच, गाडी पूर्ण थांबवून, ४एल (चारही चाके, कमी वेग व जास्त जोर, म्हणजेच लो रेंज) घ्यावे. हब फ्री असताना ४एल वापरण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ट्रॉली मागे घेताना हळू वेग मिळतो म्हणून ते सोयीचे वाटते. परंतु लो रेंजमध्ये वाढलेला सगळा जोर त्या वेळी एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो, आणि ओझ्याखाली मागची दांडी तुटण्याचा धोका असतो. हा प्रयोग शक्यतो टाळावा, आणि करावाच लागला तर क्लच अत्यंत हळू सोडावा.

काम संपवून टणक जमिनीवर आल्यावर गाडी सरळ रेषेत थोडी चालवावी, ट्रान्सफर केसची दांडी २एच वर आणावी, आणि ती निघत नसेल तर चाके सरळ ठेवून गाडी दोन-तीन मीटर मागे घ्यावी, म्हणजे साचलेला पीळ उतरतो. त्यानंतर हब फ्री करावेत.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती माहीत नसल्यामुळे अनेकजण हाताच्या हबला कंटाळतात. हब लॉक ठेवून २एच मध्ये डांबरी रस्त्यावर गाडी चालवण्यात, थोडी झीज आणि जडपणा सोडल्यास, कोणतीही हानी नाही. पुढचा शाफ्ट फक्त मोकळा फिरत राहतो आणि पीळ चढत नाही. त्यामुळे ज्यांच्या गाडीला जून ते ऑक्टोबर रोज शेतात जावे लागते, त्यांनी पावसाळाभर हब लॉकच ठेवावेत आणि गरजेनुसार केवळ ट्रान्सफर केसची दांडी वापरावी. दर वेळी चिखलात उतरण्याचा त्रास वाचतो, आणि हब लॉक असल्यामुळे पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत सरळ रेषेत व बेताच्या वेगात, पुस्तकात दिलेल्या मर्यादेत, चालत्या गाडीतही ४एच घेता येते. उलट उन्हाळ्यात हब महिनोन्‌महिने फ्री राहत असतील, तर महिन्यातून एकदा ते लॉक करून २एच मध्येच काही किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे डिफरन्शियलमधील तेल वरच्या गिअरांपर्यंत पोहोचते आणि सांधे कोरडे पडत नाहीत.

स्वयंचलित हब: दोन वेगळ्या जाती

स्वयंचलित हब म्हणून जे ओळखले जातात ते सगळे एकाच तत्त्वावर चालत नाहीत. यांत्रिक प्रकारात हबच्या आत उताराच्या आकाराचा कॅम असतो. ४एच घेतल्यावर पुढची दांडी फिरू लागते आणि कॅम दातेरी कड्याला ढकलून जोडणी करतो. सोडवण्यासाठी २एच घेऊन गाडी सरळ रेषेत काही अंतर उलट न्यावी लागते. हे अंतर गाडीच्या पुस्तकात दिलेले असते आणि ते पाळले नाही तर हब अर्धवट जोडलेलेच राहतात.

या रचनेची अडचण जोराची दिशा बदलते तेव्हा उघड होते. चिखलात गाडी पुढे-मागे झुलवून काढण्याची आपली नेहमीची पद्धत आहे. प्रत्येक वेळी दिशा बदलताना यांत्रिक हब क्षणभर सुटून पुन्हा जोडला जाऊ शकतो, आणि झिजलेल्या हबमध्ये तो खाडकन जोडला जातो. त्या धक्क्याने दात बोथट होत जातात. बालाघाटच्या उतारांवर इंजिन ब्रेकिंगने खाली येतानाही हाच धोका असतो, कारण त्या वेळी चाक दांडीला ढकलत असते.

दुसरी जात व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर, चालणारी. पेट्रोल गाडीत ही पोकळी इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) मिळते, तर डिझेल गाडीत वेगळ्या पंपाकडून, आणि तोच पंप ब्रेक दाबणे हलके करणाऱ्या ब्रेक बूस्टरलाही पोकळी पुरवतो. बटण दाबले की विजेवर चालणारी सोलेनॉइड झडप उघडते, रबरी नळ्यांतून हवा ओढली जाते आणि हबमधील पडदा कड्याला सरकवतो. सगळे सुस्थितीत असताना ही व्यवस्था अतिशय सुखाची असते. परंतु इंजिनापासून चाकापर्यंतच्या त्या वाटेत नळ्या, झडपा आणि फिरत्या भागावरचे सील असतात, आणि यांपैकी एकही गळला की हब जोडला जात नाही. आपल्याकडच्या मे महिन्यातील उष्णतेत रबर कडक होऊन तडकते, आणि गोदामात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्या उंदीर कुरतडतात. दिवा मात्र अनेक गाड्यांत ट्रान्सफर केसच्या स्विचवरून लागतो, हबवरून नव्हे. तो पाहून चालक निश्चिंत होतो आणि पुढे सरळ चिखलात शिरतो.

कोणता निवडावा

माझे मत स्पष्ट आहे. ज्या गाडीचे मुख्य काम काळ्या रानात आहे, तिच्यावर हाताने फिरवायचे चांगल्या प्रतीचे हब असावेत. ते आधीच लॉक करता येतात, दिशा बदलली तरी सुटत नाहीत, उघडून घरी दुरुस्त करता येतात, आणि त्यांच्यातील बिघाड शोधायला मिस्त्रीला नळ्यांचा नकाशा लागत नाही. वर्षभर शेतातच राहणाऱ्या गाडीला तर पक्का फ्लँजही पुरेसा आहे. त्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नसते.

तरीही स्वयंचलित हबला सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही. घरातील वयस्कर माणूस गाडी चालवत असेल, रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या वाटेवर उतरणे धोक्याचे असेल, किंवा गाडी बहुतांशी रस्त्यावर धावून वर्षातून पाच-दहा वेळाच मातीत जात असेल, तर सुस्थितीतील स्वयंचलित हब काढून टाकण्याचे कारण नाही. आणखी एक बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. एकच गाडी तीन-चार चालकांच्या हाती असेल, तर हाताचे हब कोणीतरी लॉक करायला विसरणारच. अशा ठिकाणी मजबुतीपेक्षा विसराळूपणाचा हिशेब जास्त महत्त्वाचा ठरतो, आणि मग एक तर स्वयंचलित हब उत्तम राखावेत किंवा सरळ फ्लँज बसवावेत.

तपासणी: पावसाळ्यापूर्वीचा एक तास

ही तपासणी मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या पावसाआधी, सपाट आणि टणक जागेवर करावी. लागणाऱ्या वस्तू म्हणजे जॅक, दोन भक्कम स्टँड आणि मागच्या चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली किंवा चाकाजवळ काम करू नये. जुन्या जीपचा हातब्रेक पुष्कळदा चाकांवर नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यामुळे मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावणे अनिवार्य समजावे.

पुढची दोन्ही चाके जमिनीपासून उचलून स्टँडवर घ्यावीत, इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि ट्रान्सफर केस ४एच मध्ये टाकावी. आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरू शकत नाही. हाताचे दोन्ही हब 'लॉक'वर फिरवावेत आणि डावे चाक हाताने पुढे फिरवावे. दोन्ही हब खरोखर जोडलेले असतील, तर उजवे चाक उलट दिशेने फिरेल. ते स्थिर राहिले, तर दोनपैकी किमान एक हब जोडलेला नाही. दोष कोणत्या बाजूचा हे ओळखण्यासाठी प्रत्येक चाक वेगवेगळे फिरवून पाहावे. ज्या बाजूचे चाक केवळ बेअरिंगवर हलके फिरते, त्या बाजूचा हब सुटलेला आहे, आणि जे फिरवताना गिअरांचा व तेलाचा जडपणा जाणवतो, त्याचा हब जोडलेला आहे. त्यानंतर दोन्ही हब 'फ्री' करून तीच कृती करावी. आता प्रत्येक चाक हलके फिरले पाहिजे आणि दुसरे चाक हलता कामा नये. 'फ्री' असूनही एखादे चाक जड फिरत असेल तर त्या बाजूचे कडे मागे सरकलेले नाही, आणि तो हब उघडणे भाग आहे.

गाडी स्टँडवर असतानाच चाकाला वर-खाली धरून हलवून पाहावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, आणि तसाच राहिला तर तो किंग पिनचा (चाक डावी-उजवीकडे ज्यावर वळते त्या खिळीचा). सैल बेअरिंगवर नवा हब बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे, कारण चाकाच्या डोलण्याने हबचे बोल्ट सैल होत जातात आणि शेवटी तुटतात.

व्हॅक्यूमच्या हबसाठी पद्धत वेगळी आहे. इंजिन चालू असताना चाके उचलून प्रयोग करणे घातक ठरू शकते, म्हणून ते टाळावे. प्रथम मोकळ्या मातीवर पूर्वी सांगितलेली वळणाची चाचणी घ्यावी. पुढचा ओढा जाणवला नाही, तर हबकडे जाणारी नळी काढून तेथे हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप जोडावा आणि काटा स्थिर राहतो का ते पाहावे. काटा खाली आला तर सील किंवा पडदा गळतो आहे. काटा टिकला आणि तरीही हब जोडला गेला नाही, तर आतले कडे अडकले आहे. हबपर्यंत पोकळी पोहोचतच नसेल, तर आधी स्वस्त भाग पाहावेत, म्हणजे नळ्या आणि त्यांचे जोड, मग फ्यूज व सोलेनॉइड, आणि पंप सर्वांत शेवटी. डिझेल गाडीचे ब्रेक पेडल अलीकडे जड लागत असेल, तर मात्र गळती ताबडतोब शोधावी, कारण मग प्रश्न हबपुरता राहिलेला नसून ब्रेकचा झालेला असतो.

हाताचा हब उघडून साफ करणे

बाहेरचे बोल्ट, जे सहसा सहा असतात, थोडे-थोडे आळीपाळीने ढिले करून चकतीचे झाकण काढावे. आत दांडीच्या टोकाला सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी, असते. ती निसटून उडू नये म्हणून वर हात धरून योग्य पकडीने काढावी. त्यानंतर हबचे शरीर बाहेर ओढता येते. सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने स्वच्छ कापडावर मांडावेत, आणि मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. ही सवय पुढे फार उपयोगी पडते.

सगळे भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन कोरडे करावेत. दातेरी कड्याचे कोपरे चौकोनी असले पाहिजेत. ते गोलसर झाले असतील, तर तो हब जोराखाली सुटणार, आणि तो बदलावा. स्प्रिंग मोडलेली किंवा बसलेली नाही ना, ओ-रिंग चपटी झालेली नाही ना, हे पाहावे. जुने ग्रीस दुधाळ दिसत असेल तर आत पाणी शिरलेले आहे. ओढा ओलांडताना हे सहज घडते, कारण तापलेला हब थंड पाण्यात अचानक गार होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून लांबचा प्रवास करून आल्यावर लगेच पाण्यात उतरू नये, दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

ग्रीसच्या बाबतीत दोन वेगळे नियम आहेत आणि त्यांची गल्लत हेच हब निकामी होण्याचे मोठे कारण आहे. चाकाच्या बेअरिंगांत एनएलजीआय २ दर्जाचे (हा आकडा ग्रीसचा घट्टपणा सांगतो) लिथियम ग्रीस दाबून पूर्ण भरावे. हबच्या यंत्रणेला मात्र केवळ पातळ थर द्यावा, इतका की धातूवर चमक दिसेल पण खाचा भरणार नाहीत. बेअरिंगच्या आतील नटाचा ताण गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावा. सर्वसाधारण रीत अशी, की चाक फिरवत नट घट्ट करावा म्हणजे बेअरिंग नीट बसतात, मग तो सैल करून हलका आवळावा, लॉक वॉशरची जीभ वाकवावी आणि बाहेरचा नट बसवावा. झाकण बसवताना ओ-रिंग व गॅस्केट नवीन घालावे. त्यांची किंमत नव्या बेअरिंगपुढे नगण्य असते. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावेत.

स्वयंचलित काढून हाताचे हब बसवताना

हा बदल करायचा ठरल्यास नवे हब विकत घेण्यापूर्वी दांडीवरच्या खाचांची संख्या, बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळतो का हे मोजून पाहावे. केवळ गाडीचे नाव सांगून घेतलेला हब अनेकदा परत करावा लागतो, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक ॲक्सल बदललेले असतात. अनेक स्वयंचलित हबमध्ये बेअरिंगचा नट अडवून ठेवण्याची व्यवस्था हबच्याच रचनेचा भाग असते. हब काढला की तो आधारही जातो, म्हणून हाताच्या हबसोबत योग्य नट आणि लॉक वॉशर घेणे आवश्यक आहे. हे न करता घाईने बसवलेल्या हबमुळे नट फिरून चाक डोलू लागते, आणि पुढच्या चाकाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते.

व्हॅक्यूमची व्यवस्था असेल तर हबकडे जाणाऱ्या नळ्या उगमाजवळ, म्हणजे सोलेनॉइडपाशी, घट्ट बुच लावून बंद कराव्यात. नुसत्या लोंबत ठेवल्या तर ब्रेक बूस्टरची पोकळी त्यातून निघून जाऊ शकते. चाकाजवळच्या नळीची भोकेही बंद करावीत, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेने चिखलाचे पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचते. काढलेले स्वयंचलित हब धुऊन, हलके तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावेत. हाताचे हब बसवलेल्या गाडीच्या हत्यारपेटीत मात्र एक जोडी पक्के फ्लँज, त्यांचे बोल्ट आणि एक सर्क्लिप कायम असू द्यावी, कारण शिवारात हब तुटला तर हबच्या जागी फ्लँज बसवून गाडी चारही चाकांवर घरी आणता येते.